मला मेलेला माल म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुना डबा कॅमेरा आहे. जुना म्हणा, राग नाही. पण ‘मेलेला माल’ म्हणाल तर ऐकून घेणार नाही. हे शब्द मी एकदा ऐकले, तो संताप अजून माझ्या पोटात आहे.

माझ्यात अवघड काही नाही. एक भिंग, एक खटका आणि दोनच खुणा, ऊन आणि ढग. एका रोलवर बारा फोटो. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहणाऱ्या प्रेमिलाबाईंनी १९७१ साली मला घेतलं. त्या ब्लाऊज शिवत. मापं द्यायला येणाऱ्या बाया स्टुडिओत परक्या पुरुषासमोर अवघडून बसत, पण प्रेमिलाबाईंच्या अंगणात मोकळ्या हसत. बारशी, नवी सायकल, मॅट्रिक झालेली पोरगी, सगळं मी टिपलं. रोल धुवायला नागपुरात बर्डीच्या बाजारात वामनरावांच्या दुकानात जात.

मग रंगीत फोटो आले. वामनरावांनी काचेच्या कपाटात चकचकीत कॅमेरे मांडले. मला एका बोटानं बाजूला सारत म्हणाले, “बाई, हा मेलेला माल आहे. याचे दिवस भरले.”

“माझ्या गिऱ्हाइकांचे नाही भरले,” प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि मला पिशवीत ठेवलं.

१९८३च्या मे महिन्यात धोंडबा बायकोला, रुखमाबाईला घेऊन अंगणात आला. वीज केंद्रात राख उपसण्यात त्याची उमर गेली होती. जन्मात फोटो काढला नव्हता. दीक्षाभूमीवर जाताना घालायचा पांढरा सदरा घालून तो ताठ उभा राहिला.

“मामाजी, हसा ना थोडं,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

“हसून राहिलो ना वं! अजून कितीक हसू?”

त्यानं रुखमाबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि खटका दाबला गेला. दुसऱ्याच दिवशी रोल बर्डीवर पोचला.

नऊ दिवसांनी धोंडबा ऊन लागून गेला.

तेरवीनंतर रुखमाबाई आणि प्रेमिलाबाई बसनं दुकानात आल्या. मी पिशवीत होतो. वामनराव रंगीत पाकिटं लावत होते. मान वर न करता म्हणाले, “तो रोल? एका काळ्या-पांढऱ्या रोलसाठी औषध कोण घोळत बसते? टाकला तिकडं.”

दाराशी, उन्हात, भंगाराचं खोकं होतं. त्यात तुटक्या फ्लॅशखाली तो रोल पडला होता. उजेड अडवणारी त्याची कागदी पट्टी सुटली होती.

“काहून टाकला गा?” रुखमाबाईचा आवाज फाटला. “माहा माणूस हाये त्याच्यात!”

वामनरावांनी पुढचं पाकीट उचललं.

“आत्ताच्या आत्ता धुवा,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “तोवर आम्ही हलत नाही.” दोघी उंबऱ्यावरच बसल्या. गिऱ्हाइकं थांबून बघू लागली, तसे वामनराव मुकाट्यानं डार्करूममध्ये गेले.

फोटो आला. खोक्यातल्या रोलमध्ये ऊन कडेनं शिरलं होतं. रुखमाबाई स्वच्छ दिसत होती. धोंडबाच्या चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता पांढरा डाग. रुखमाबाई फोटोतल्या आपल्या खांद्यावरच्या बोटांवर अंगठा ठेवून म्हणाली, “हात तर त्याचाच हाये.”

तो चेहरा माझ्या भिंगातून नीट आत गेला होता, मित्रांनो. तो मी बिघडवला नाही!

त्याच दिवशी प्रेमिलाबाईंनी औषधं आणि धुवायचा डबा घेतला. न्हाणीघराला काळा पडदा लावून स्वतः रोल धुवायला लागल्या. पार कुहीपासून लोक आपापले डबा कॅमेरे घेऊन आले. चार वर्षं आमचं छान चाललं. मग दुकानांनी माझे रोल आणणंच बंद केलं. आणि आता म्हणतात, साधा कॅमेरा बाजारात टिकला नाही! टिकत होतो. उपाशी ठेवलं मला.

आज मी फळीवर आहे. मला पुसलं नाही तरी चालेल. पण कुणाचीही जुनी वस्तू खोक्यात भिरकावण्याआधी एकदा तिच्या माणसाला विचारा, मित्रांनो, की आत कोण आहे.