दहा दिवस हात न लागलेलं

विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या मोठ्या संगणकावर लोकांनी घातलेली घाण मी सहा वर्षं उपसली. अर्धवट गणितं, चार-चार प्रती, कुणाच्या मेहुण्याच्या लग्नाचे फोटो. सगळं तात्पुरत्या फाइलींच्या खणात टाकायचे आणि विसरायचे. शेवटी वैतागून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. खणातल्या ज्या फाइलीला दहा दिवस कुणाचा हात लागला नसेल, ती रोज सकाळी अकराला कायमची पुसायची. दारावर नोटीस लावली, ती अर्थातच कुणी वाचली नाही.

पण सफाई सुरू झाल्यावर मंडळी हुशार झाली. रोज सकाळी कॉफीआधी एक आज्ञा द्यायची, की सगळ्या फाइलींवर आजची तारीख पडायची आणि त्या वाचायच्या. हक्काची जागा प्रत्येकाला चिमूटभर, मग काय करतील बिचारे! मला हे ठाऊक होतं, मी कानाडोळा करायची.

त्या रविवारी मी आमच्या स्फाक्स शहरातून बोटीने किर्केना बेटावर गेले. ओन्सची आई वारली होती. ओन्स आमच्याकडे संशोधन करते. आईच्या घरी बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओन्सने मला मिठी मारली.

"तीन दिवस इस्पितळात होतो गं, आणि आज तिला जाऊन सात झाले," ती म्हणाली. "सोंदेस, बरं झालं मी तिला बोलतं केलं, सगळं रेकॉर्ड केलं. तीन वर्षं! ऑक्टोपस पकडायची मडकी समुद्रात कशी टाकायची, कोणत्या वाऱ्याला काय म्हणायचं. मधेच मला शिव्यासुद्धा."

"घरी असेल ना एखादी प्रत?"

"कुठली गं, लॅपटॉप केव्हाच भरला. सगळं तुझ्याकडेच आहे, त्या खणात. म्हणून तर निश्चिंत आहे."

तीन आणि सात. दहा दिवस ओन्सने ती सकाळची आज्ञा दिलेली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

"जरा फोन करून येते," म्हणत मी अंगणात आले. बाहेरून त्या संगणकात शिरता येत नाही, तो नियमही माझाच. परतीची बोट दुपारी. विभागात रविवारी फक्त म्हातारे पहारेकरी, ज्यांना सगळे आदराने सी हेदी म्हणतात. फोन वाजतच राहिला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांनी उचलला.

"काय गं लेकी, रविवारी तरी म्हाताऱ्याला झोपू दे!"

"सी हेदी, तुमच्या पाया पडते, संगणकाची खोली उघडा. मोठं मशीन बंद करा. अकराच्या आत."

"आग लागली की काय?"

"तसंच समजा. काळं बटण, ते दाबून धरा."

"किल्ली शोधतो. ओरडू नकोस, माझा गुडघा काही तुझा नोकर नाही."

मी उन्हात फोनवरची वेळ बघत उभी. पावणेअकरा. दहा कमी. अंगणातली कोंबडी पायाशी आली, तिच्यावरही मी खेकसले. आठ मिनिटं उरली असताना फोन वाजला.

"झालं बाई. दाबलं बटण, दिवे गेले. आता जाऊ का झोपायला?"

मी त्यांना इतक्या दुवा दिल्या की ते लाजले. आत येऊन ओन्सशेजारी बसले. समोर कुसकुस आला. मी चार घास खाल्ले, तिच्या मावशीचं गाऱ्हाणं ऐकलं, एकदा हसलेसुद्धा. सव्वाअकराला वाटलं, म्हाताऱ्याचे नीट आभार मानावेत. पुन्हा अंगणात गेले.

"आभार कसले," सी हेदी खुशीत होते. "मला काय शिकवतेस? बंद केलं, दहा मोजले, परत चालू केलं. इथे कुणाचंही काही अडलं की तू हेच तर सांगतेस. आता मस्त हिरवा दिवा आहे."

"चालू... केव्हा केलंत?"

"तेव्हाच की. तुझ्याशी बोललो अन् लगेच. अकराला पाचेक मिनिटं होती."

त्या खणाची प्रत मी कुठेच ठेवत नव्हते. तात्पुरत्याची कसली प्रत ठेवायची, असं मीच बैठकीत ऐटीत सांगितलं होतं. आतापर्यंत सफाई होऊन पंधरा मिनिटं झाली होती.

"हॅलो? लेकी, काही चुकलं का माझं?"

"नाही, सी हेदी. तुमचं काही चुकलं नाही."

वळले तर ओन्स दारात उभी होती. मागे तिच्या बहिणीची लहान मुलगी.

"अगं, ही आजीचा आवाज ऐकायचा म्हणून रडतेय," ओन्स म्हणाली. "उद्या गेलीस की एखादा तुकडा पाठवशील फोनवर? तो शिव्यांचा पाठव, हसेल तरी."

मला भीती वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. मशीनने आपोआप पुसलं, असं ओठांवर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर ओन्स संगणकाला शिव्या घालून माझ्या गळ्यात पडून रडली असती.

"ओन्स, ते आता नाही," मी म्हणाले. "मी पुसलं."