गाठ निघाली नाही

शिरगावात चिकूची कलमं बांधावीत तर आत्मारामनेच. खिरणीच्या रोपावर त्याने बांधलेली काडी सहसा मरत नसे. आता वय बासष्ट. दोन वर्षांपासून काडी हातात धरून तो तसाच बसून राही. मग घराबाहेर पडू लागला. दोनदा पालघरच्या एसटी स्टँडवर सापडला. त्याच्या बायकोला, प्रेमलाला, झोप म्हणून उरली नव्हती.

"वयनी, दादा सोंग करतो," धाकटा दीर प्रताप म्हणे. "वाडीचं काम नको, बाकी काय नाय."

पालघरच्या डॉक्टरांनी मुंबईला जाऊन डोक्याचा स्कॅन करायला सांगितलं, तेव्हा प्रेमलाने मनात आशा धरली. शेजारचा रामनाथ माडावरून पडला होता. पुढे महिनाभर बायकोलाही ओळखेना. त्याच्या डोक्यात रक्ताची गाठ निघाली, ती काढली, आणि तो पुन्हा माडावर चढू लागला. प्रेमलाने देवीला नारळ बोलला, तो गाठ निघावी म्हणून. असलं कुणाला सांगायचं?

प्रतापच्या टेम्पोतून तिघं गेले. आत्मारामला यंत्रात निजवलं, तर तो दोनदा उठून बसला. शेवटी प्रेमलाने काचेपलीकडून हाका मारल्या, "अवो, पडून राव्हा. मी हाय हितं."

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "गाठ नाही. गळूही नाही."

"मग?" प्रेमलाने विचारलं.

"मेंदू आक्रसलाय. ही मधली काळी जागा पाहा, एवढी नसते. वयाच्या मानाने फार झालंय. नुसत्या फोटोवरून सगळं सांगता येत नाही, पण तुम्ही सांगताय त्यावरून हा विसरण्याचाच आजार वाटतो."

"ऑपरेशन?"

"काढण्यासारखं काही नाही, बाई. सांभाळायचं."

प्रताप बराच वेळ त्या काळ्या जागेकडे बघत राहिला. "म्हंजे सोंग नाय?" त्याने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

परतताना मासवणच्या पुढे आत्मारामने चारदा विचारलं, "आपण कुठं चाललो?" चारही वेळा प्रेमलाने "घरी" म्हणून सांगितलं.

दारात शेजारची शकू उभीच होती. "काय निघालं गो?"

"गाठ नाय निघाली."

"चला, देव पावला!"

प्रेमलाला समजावून सांगायचं त्राण नव्हतं. "व्हय," म्हणून ती आत गेली आणि चुलीपाशी टेकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रताप आला. आत्मारामच्या शेजारी पायरीवर बसला आणि आत न बघताच म्हणाला, "वयनी, आजपासून सकाळी मी बसंन. तुमी झोपा."

प्रेमलाने ओटीवरच पदर पसरला आणि ती आडवी झाली. जाग आली तेव्हा दुपार कलत होती. बाहेर प्रताप शांतपणे सांगत होता, "दादा, मी परताप. तुजा भाव."