पैसे नाहीत, खरंच नाहीत

मी पाटी बोलतेय. थांबा, खिसा चाचपू नका. माझ्यावर लिहिलंय तेवढंच आहे: ‘शहर फेरी. दर रविवारी सकाळी आठ वाजता, जुन्या पुलापासून. पैसे नाहीत.’ आणि त्याखाली, वेगळ्या हातानं काढलेली एक वाकडी ओळ: ‘खरंच नाहीत.’

ही शेवटची ओळ नंतर आली आणि तिनंच घोटाळा केला. नुसतं ‘पैसे नाहीत’ होतं तोवर दहातली चार माणसं थांबायची. ‘खरंच नाहीत’ आल्यावर दोन. वाचताना त्यांचे डोळे कसे बारीक होतात ते माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. आधी माझ्याकडे बघतात, मग मला धरलेल्या माणसाकडे, मग पाकीट जागेवर आहे ना ते बघतात.

मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः जातीची संशयी आहे. माझा पत्रा पाणीपुरवठा खात्याच्या गोदामातला. रंगाऱ्यानं पुढून छान पांढरा रंग दिला, मागे मात्र हात आखडता घेतला. त्यामुळे ऊन पडलं की माझ्या पाठीवरची जुनी अक्षरं अजून वर येतात: ‘सावधान! पुढे खोदकाम चालू.’ फेरीला आलेली माणसं माझ्या मागून चालतात, म्हणजे दोन तास त्यांच्या नजरेसमोर हेच. पुढून या म्हणायचं आणि मागून सांभाळा म्हणायचं, अशी माझी तऱ्हा.

माझा दांडा तर त्याहून संशयी. तो साधा दांडा नाही, ऐकायची काठी आहे. सागाची, उंच, वरच्या टोकाला कानाएवढी वाटी. रस्त्याखाली नळ कुठे फुटलाय ते शोधायला खात्यातली माणसं ही काठी जमिनीवर टेकतात आणि वाटीला कान लावतात. वरून रस्ता कोरडा ठणठणीत असतो, पण खाली पाणी सूं सूं करत वाहून जात असतं. एकतीस वर्षं या काठीनं दुसरं काही केलं नाही. वरून ठीक दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर तिचा विश्वास नाही आणि तिच्यावर खिळे ठोकून बसवल्यापासून माझाही नाही.

ती काठी धरणारा माणूस म्हणजे आमचे काका. गळती शोधण्याच्या कामातून निवृत्त झाले, खात्यानं काठी भेट दिली आणि चौथ्याच महिन्यात त्यांनी मला बनवून घेतलं. रंगारी म्हणाला, “काका, फुकट असं लिहू नका. फुकट म्हटलं की लोक पळतात.”

“मग काय लिहू?”

“पैसे नाहीत, असं लिहा. त्यात निदान गरिबी तरी दिसते.”

असा माझा जन्म झाला.

फेरी खरोखर चांगली असे, हे मला कबूल करावं लागेल. जुन्या पुलावर उभं राहून खाली वल्हवण्याचा सराव करणाऱ्या पोरी बघायच्या, त्यांच्या शिक्षिकेच्या शिव्यांसकट. मग मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली देणाऱ्याकडे वर जायचं. तो आठवड्यातून एकदाच बोलायचा, आमच्याशी. संगीत शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसलं की आतल्या वाद्यवृंदाची तालीम फुकटात ऐकू येते, आणि चुकल्यावर तोच तुकडा पुन्हा वाजवतात म्हणून दुप्पट ऐकू येते. नावा दुरुस्त करणाऱ्यांचं आवार, पाववाल्याच्या भट्टीमागची गरम भिंत, शेवटी नगरपालिकेची होडी. ती पलीकडच्या काठाला जाऊन अर्ध्या तासात परत येते आणि तिला तिकीट नाही. या शहरात राहूनही कित्येकांना हे माहीत नसतं.

पण मला एक गोष्ट खटकायची. काका हे करतात कशासाठी?

लोकांचे अंदाज मी ऐकलेत. निवडणुकीला उभे राहणार. नदीकाठच्या जागा विकायच्या असतील. घरी सून जेवायला देत नसेल. सून नव्हतीच, काका एकटे. मी मात्र त्यांच्या हातात असायची. तो हात काय करतो ते मला कळायचं.

होडीच्या आधी आम्ही इस्पितळामागच्या एका अरुंद गल्लीत शिरायचो. तिथे बघण्यासारखं काही नाही. एक शिंपी, एक बंद छापखाना, समोर तीन मजली घर, आणि रस्त्यात व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण. काका झाकण उघडून माझा दांडा आत टेकवत आणि लोकांना एकेक करून वाटीला कान लावू देत. मोठी माणसंसुद्धा लहान होऊन ऐकत. इथवर ठीक. पण असं झाकण शहरात शंभर ठिकाणी आहे. याच गल्लीत का? आणि इतर ठिकाणी हळू बोलणारा हा माणूस इथेच एवढ्या मोठ्यानं का बोलतो, जणू सगळ्यांना ऐकू कमी येतं? बोलताना त्याचा डावा हात सदऱ्याच्या खिशाकडे जायचा. खिशात काहीतरी कडक, गोल होतं. आणि नजर पहिल्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीकडे. कुठेतरी पाणी मुरत होतं. चार वर्षं मी ते ओळखून होते, पण पाटीला विचारता येत नाही.

माझ्याइतकीच संशयी अशी एक बाई मग फेरीला यायला लागली. रेल्वेतून निवृत्त झालेली तिकीट तपासनीस. उभ्या आयुष्यात बिनपैशाचा प्रवास म्हणजे गुन्हा, एवढंच तिला ठाऊक. ती सगळ्यांच्या मागे चालायची आणि छोट्या वहीत काहीतरी लिहायची. मला वाटलं, ही नगरपालिकेची हेर, फेरी बंद पाडायला आलीय. मी तिच्यावर नजर ठेवली, ती काकांवर ठेवत होती. काका बिचारे खिडकीवर.

पाचव्या रविवारी तिनं शेजारच्या माणसाला हळूच वही दाखवली. “बघा. पुलावर सहा मिनिटं. पायऱ्यांवर आठ. या गल्लीत, जिथे काहीसुद्धा नाही, तिथे सतरा. वर कोण राहतं, विचारलं मी शिंप्याला. एकटी म्हातारी बाई. खिडकी सताड उघडी. आणि हा गृहस्थ दर आठवड्याला वीस अनोळखी माणसं आणून तिच्या खिडकीखाली उभी करतो. पैसे न घेता. आता सांगा.”

हिशेब बरोबर जुळत होता. आता हे प्रकरण चौकीत जाणार, काकांची अब्रू जाणार, असं मला वाटलं. त्यांना सावध करायला मला तोंड नव्हतं.

होडीच्या धक्क्यावर ती बाई गोड आवाजात काकांना म्हणाली, “द्या हो ती पाटी, मी धरते. हात भरून आला असेल.” काकांनी विश्वासानं मला दिलं. माणसं होडीत चढली, काका चढले, आणि ही बाई मागच्या मागे थांबली. होडी सुटली. काठावर आम्ही दोघी. काका होडीतून हात हलवत होते. ‘राहिलात की!’ असंच काहीतरी ओरडत असणार.

तिनं मला खांद्यावर टाकलं आणि सरळ त्या गल्लीत नेलं. पुरावा म्हणून.

पहिल्या मजल्याचं दार उघडलं. उंच, ताठ, पांढऱ्या केसांची बाई. भिंतीवर इस्पितळातला निरोपाचा फोटो, मधोमध तीच. खिडकीपाशी एक खुर्ची, आणि खिडकीच्या कठड्यावरचा रंग एका जागी कोपर टेकून टेकून उडालेला. ते मी आधी पाहिलं. तपासनीस बाईंनी पाहिलं नाही.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या, “पण तुमच्या घरावर पाळत आहे.”

“माहीत आहे,” पांढऱ्या केसांची बाई म्हणाली. “चार वर्षं झाली.”

“मग तक्रार नाही केलीत? हा पाहा पुरावा. पैसे नाहीत म्हणतो. कोण करतं असं?”

त्या बाईनं मला उजेडात धरलं. माझ्या शेवटच्या वाकड्या ओळीवरून तिनं बोट फिरवलं. “वरचं रंगाऱ्याचं. हे मात्र त्याचं अक्षर. शाळेतही असंच होतं, ओळ कायम खाली घसरायची.” मग म्हणाली, “भाऊ आहे तो माझा. धाकटा.”

तपासनीस बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांनी छोटी वही मिटली.

“आमचे वडील गेले,” ताई सांगू लागली, “त्या आठवड्यात त्यांचं खिशातलं घड्याळ सापडेना. घरात आम्ही दोघंच. त्यानं मला विचारलं, ताई, तू नेलंस का? नुसतं विचारलं असतं तर मी विसरले असते. माझी पिशवी उघडून बघता बघता विचारलं. मी म्हटलं, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. तो शब्दाचा पक्का. दारात येत नाही. रस्त्यावर उभा राहतो.”

खिशातलं कडक, गोल. मला एकदम लख्ख कळलं आणि स्वतःची लाज वाटली. चार वर्षं मी त्या हातात होते, आणि तो हात मी चोराचा समजत होते.

एवढ्यात खाली गलका झाला. होडी परत आली होती. काका पाटी शोधत धापा टाकत आले होते, मागे सगळी वरात. तपासनीस बाईंनी मला खिडकीबाहेर काढून हलवलं. “इथे आहे! वर या!”

काकांनी वर पाहिलं. माझ्या शेजारी त्यांची ताई उभी होती.

“वर येता येणार नाही मला,” ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षाही मोठा. मग तो फुटला. “ताई, घड्याळ दुरुस्तीला होतं. बाबांनीच टाकलं होतं. दोन वर्षांनी घड्याळजीचा निरोप आला. माझं चुकलं, ताई.” त्यांनी खिशातून ते काढून वर धरलं, एवढंसं, उन्हात.

शिंप्यानं मशीन थांबवलं.

“हे सांगायला इतके दिवस?” ताई म्हणाली.

“दर रविवारी सांगणार होतो. पण लोक असायचे.”

“लोक तूच आणायचास.”

ताईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “ये वर. पाय पुसून ये.”

गोष्ट इथे संपली असती तर बरं, असं तुम्हाला वाटेल. मला नाही वाटलं. पुढचे दोन रविवार काका ताईकडे चहाला गेले आणि मी त्यांच्या खोलीत कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. म्हणजे जगाला दिसत होतं ते फक्त ‘सावधान! पुढे खोदकाम चालू.’ मला सगळं समजलं. फेरी हा बहाणा होता. काम झालं, पाटी अडगळीत. पुलावर माणसं येऊन थांबत असतील, एकमेकांना म्हणत असतील, बघा, गोम होतीच. मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटतंय हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

तिसऱ्या रविवारी सकाळी काका आले, मला उचललं, ओल्या फडक्यानं पुसलं. पुलावर ताई उभी होती, हातात औषधांची पिशवी, पायात नवे बूट.

“तू खिडकीखाली बोलायचास ते सतरा मिनिटांचं मला पाठ आहे,” ती काकांना म्हणाली. “वळणावर तुझा आवाज तुटायचा. मी जन्मभर इस्पितळ ते घर, घर ते इस्पितळ केलं. राहिलेलं शहर दाखव.”

तेव्हापासून मला ताई धरते. गुडघ्यांमुळे ती माझ्यावर भार टाकून चालते, म्हणून मी हल्ली पाटी कमी आणि काठी जास्त आहे. दोन तासांची फेरी तीन तासांची झाली. माझा पत्रा कडेनं गंजलाय, ‘पैसे’मधला रंग उडालाय. तपासनीस बाई अजूनही सगळ्यांच्या मागे असतात. कुणी खिशात हात घातला की त्या हात धरतात. इथे पैसे द्यायचा प्रयत्न करणाऱ्यांना त्या पकडतात.

तुम्हीही या. संशय घेऊन आलात तरी चालेल, मीही तशीच आहे. फक्त झाकणापाशी वाटीला कान लावाल तेव्हा घाई करू नका. मागचा माणूस थांबेल.

त्या गल्लीत आम्ही अजून थांबतो. वरची खिडकी आता बंद असते, खुर्ची रिकामी. तरी काका झाकण उघडतात, मान वर करतात आणि जुन्या सवयीनं मोठ्यानं बोलायला लागतात. दर वेळी ताई त्यांच्या बाहीला हात लावते.

“हळू बोल,” ती म्हणते. “मी इथेच आहे.”