बारकोडखालचा माणूस

ड्रूअरींच्या घरात संडासाकडे जाणाऱ्या बोळात एका मासिकाचं मुखपृष्ठ काच लावून टांगलेलं होतं. ते तिथेच का, असं पाहुण्यांनी क्लाइव्ह ड्रूअरीला विचारू नये म्हणून त्याची बायको डेनीस देवाची करुणा भाकायची. कारण क्लाइव्हचं उत्तर तयार असायचं. बैठकीच्या खोलीत लावलं तर माणूस बघेलच असं नाही, पण तीन कप चहा प्यायलेला माणूस त्या बोळातून जातोच.

मासिकाचं नाव 'थंडरहेड', अंक एप्रिल १९८७चा. वर तडे गेलेली लालभडक अक्षरं, खाली ग्रिम्सबीच्या गोदीत गंजक्या साखळ्यांपुढे 'ट्रॉलर' या बँडचे चौघं. मधोमध गायक डंकन, फेब्रुवारीच्या वाऱ्यात छाती उघडी टाकून. त्याच्या मागे गिटारवाला आणि ड्रमवाला. आणि पुढे, डावीकडे खाली, गुडघ्यांवर बसलेला बेसवाला. म्हणजे बसलेला असणार. कारण त्याच्या तोंडावर चांगला आगपेटीएवढा बारकोड होता, आणि बारकोडच्या एका बाजूने एक कोपर तेवढं बाहेर आलेलं होतं.

"हे कोपर माझं," क्लाइव्ह सांगायचा.

तेवीस वर्षं सांगत होता. गोदीवर, मासळीबाजारात, चिप्सच्या दुकानात रांगेत उभं राहून. चौघांत उंच तो, म्हणून फोटोवालीने त्याला खाली बसवलं. आणि मासिकांवर बारकोड छापायची टूम नेमकी त्याच सुमाराला निघाली. दोन वर्षं आधी फोटो निघाला असता तर अख्ख्या इंग्लंडने हे तोंड पाहिलं असतं. बँड त्याच उन्हाळ्यात मोडला. डंकन आता हल शहरात खिडक्या विकतो, आणि क्लाइव्ह पहाटे चारला उठून हॅडक माशांचे काटे काढतो. गोदीवर त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. त्याला सगळे 'कोपर' म्हणतात, आणि त्याला ते आवडतं असं तो म्हणतो.

त्याची मुलगी ब्रायनी सतरा वर्षांची. कॉलेजात माध्यमांचा अभ्यास हा विषय तिने घेतला होता. त्या वर्षीच्या प्रकल्पाचे दोन भाग होते. आधी एखाद्या रॉक मासिकाचं मुखपृष्ठ घेऊन त्याची मांडणी तपासायची, ते कुणाला आणि का भुरळ घालतं ते लिहायचं. मग आपलं स्वतःचं मासिक काढायचं, फोटोसुद्धा स्वतः काढलेला हवा. शेफील्डला मांडणीच्या अभ्यासक्रमात तिला जागा मिळणार होती, पण या विषयात 'अ' श्रेणी पडली तरच. ब्रायनी आतापर्यंत 'ब'चं पक्कं गिऱ्हाईक होती.

वर्गातल्या बाकीच्यांनी दुकानात मिळणारी नवी मासिकं घेतली. तिने बोळातली काच खाली उतरवली.

"बघ, शेवटी घरातलंच कामाला आलं," क्लाइव्ह म्हणाला. त्या आठवड्यात तो दोनदा न सांगता भांडी घासायला उभा राहिला.

पार्गेटर सरांनी तिचा पहिला खर्डा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. सर पन्नाशीचे, बारीक, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला कोट घालणारे. रॉक संगीताबद्दल ते असं बोलायचे की वाटावं, ते यांनीच शोधून काढलं आणि नंतर लोकांनी बिघडवलं.

"लाल रंग म्हणजे बंडखोरी, तडे म्हणजे बंडखोरी, उघडी छाती म्हणजे बंडखोरी. ब्रायनी, हे सगळ्यांनीच लिहिलंय. मला एवढंच सांग, बारकोड डावीकडे का? उजवा कोपरा सगळा मोकळा आहे, तिथे नुसती साखळी आहे."

"डॅडचं नशीब, सर."

"मुखपृष्ठावर नशीब नसतं. कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेलं असतं."

हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत फोटोवालीचं नाव होतं: रोझमंड टॅपलिन. बाई अजून लिंकनमध्ये होत्या आणि आता लग्नांचे आणि कुत्र्यांचे फोटो काढायच्या. ब्रायनीने त्यांना पत्र पाठवलं, मेलवरून. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, सोबत जुन्या रिळातल्या बाराही फोटोंची छापील पट्टी स्कॅन करून.

ब्रायनीने ती पट्टी कॉलेजच्या संगणकावर मोठी केली आणि एकेक फोटो बघत गेली.

पहिल्या फोटोत क्लाइव्ह जांभई देत होता. दुसऱ्यात जांभई देत होता. तिसऱ्यात ती जांभई ऐन भरात आलेली होती, डोळे मिटलेले, पडजीभ दिसते की काय असं तोंड. पाचव्यात त्याने हात तोंडावर धरलेला. सातव्यात मान लटकलेली, चक्क झोप. अकराव्यात पुन्हा आ वासलेला. बाराव्यात तोंड मिटलेलं होतं, पण तिथे डंकन शिंकत होता.

खाली बाईंनी लिहिलं होतं: 'त्या मुलाची मला अजून आठवण आहे. फार गोड होता, पण बाराच्या बारा फोटोंत झोपेत. मांडणी करणाऱ्याने तिसरा फोटो निवडला, कारण त्यात गायक बरा आलाय. म्हणाला, झोपाळूवर पट्टे टाकून देऊ. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग.'

नमस्कार कसला सांगते. ती मूग गिळून घरी आली. जेवताना क्लाइव्हने विचारलं, "काय गं, माझ्या मुखपृष्ठाची काय प्रगती?" तिने मटार तोंडात कोंबले आणि मान हलवली. तेवीस वर्षं हा माणूस एका पट्टेरी चौकोनाला शिव्या घालत होता, आणि त्या चौकोनाने तेवीस वर्षं त्याची अब्रू झाकली होती. हे त्याला तोंडावर कोण सांगणार? तिच्यात तरी तेवढी हिंमत नव्हती. आणि दया तर त्याहून जास्त येत होती.

पण लिहायला तर हेच हवं होतं. सरांना पट्टी दाखवली तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले.

"सोनं आहे हे. एकच माणूस. बारकोडखाली गेला की दंतकथा, बारकोड काढला की जांभई. मांडणी अर्थ कसा घडवते याचं याहून चांगलं उदाहरण मला वीस वर्षांत मिळालं नाही. हे पान फाइलमध्ये घाल, 'अ' तुझीच. आणि गुरुवारच्या प्रदर्शनात भिंतीवर हे मोठं करून लावू. पालक येणार आहेत."

"माझे डॅडपण येणार आहेत, सर."

"मग तर छानच."

माध्यमांबद्दल सरांना सगळं कळायचं. माणसांचा तास मात्र त्यांनी बुडवला असावा.

दुसऱ्या भागाचं वेगळंच होऊन बसलं. मुखपृष्ठावर उभा राहणार होता तिच्या वर्गातल्या मुलांचा एक बँड, पण शनिवारी सकाळी त्यांच्या गायकाच्या आईने त्याला कुठेतरी पडदे घ्यायला नेलं. ब्रायनी कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात तोंड पाडून बसली. तेवढ्यात क्लाइव्ह पाळी संपवून आला. त्याने बूट काढून घरातल्या चौकडीच्या सपाता पायांत सरकवल्या आणि काय झालं ते ऐकून घेतलं.

"मी आहे ना," तो म्हणाला.

"डॅड, वाचकवर्ग सोळा ते चोवीस आहे."

"मग त्यांना कळू दे, पुढे काय वाढून ठेवलंय ते."

डेनीस चहा गाळता गाळता म्हणाली, "होऊ दे गं एकदाचं. नाहीतर आणखी तेवीस वर्षं ऐकावं लागेल."

मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांपुढे, त्याचं कौतुकाचं जुनं कातडी जाकीट कसंबसं चढवून क्लाइव्ह उभा राहिला. जाकिटाची चेन बेंबीच्या वर यायला तयार नव्हती. त्याने भुवया जवळ आणल्या, दात विचकले, मूठ उगारली. तिने चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत एक सज्जन गृहस्थ दातदुखीने बेजार दिसत होता.

"झालं?" त्याने विचारलं, मूठ खाली आणली आणि जांभई दिली. पहाटे चारपासून उभ्या माणसाची जांभई. डोळे घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा ताठ, जबडा जाईल तिथपर्यंत.

ब्रायनीचं बोट आपोआप दाबलं गेलं.

संगणकावर तिने तो फोटो कृष्णधवल केला, खरखरीत केला, डबे काळोखात बुडवले, आणि शेजारी लालभडक अक्षरांत लिहिलं: 'आता ऐकाच!' मग ती मागे सरकून बघत राहिली. कुणाच्या बापाची टाप होती त्याला जांभई म्हणायची? तो माणूस ओरडत होता. अंगावर काटा यावा असा ओरडत होता. बारकोड तिने विचार करून खाली सपातांवर टाकला.

गुरुवारी कॉलेजच्या हॉलमध्ये मुखपृष्ठं लागली. बारा गिटारी, नऊ कवट्या, आणि मधोमध क्लाइव्ह ड्रूअरी. बारा फोटोंचं पान तिने भिंतीवर लावलं नाही. सरांना सांगितलं, छपाईयंत्रातली शाई संपली. पण ते तिने फाइलमध्ये घातलं होतं, कारण शेफील्डही हवं होतं, आणि ती फाइल नियमाप्रमाणे मुखपृष्ठाखालच्या टेबलावर ठेवलेली होती. तिच्यावर तिने आईची पर्स ठेवली.

क्लाइव्ह स्वतःपुढे बराच वेळ उभा राहिला. गोदीवरचे दोघं आले होते, नॉर्मन आणि कीथ, इस्त्रीच्या शर्टांत.

"अरे, कोपरला तोंडपण आहे की," नॉर्मन म्हणाला.

क्लाइव्हचे डोळे भरून आले होते आणि तो नाक पुसल्याचं सोंग करत होता. ब्रायनीला वाटलं, हे एवढंच पुरे, आता सगळ्यांनी घरी जावं. नेमकी तेव्हाच डेनीसला रुमालासाठी पर्स हवी झाली.

पर्स उचलली गेली. क्लाइव्हने खिशातून वाचायचा चष्मा काढला आणि लेकीने काय लिहिलंय ते कौतुकाने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. तो हळू वाचायचा, ओळीखाली बोट धरून. ब्रायनी भिंतीशी उभी राहून ते बोट बघत होती. बोट पानामागून पान उतरत गेलं. सहाव्या पानावर ते थांबलं आणि एकेका फोटोवर टेकत टेकत बारापर्यंत गेलं. मग रोझमंड टॅपलिनबाईंच्या ओळींवर आलं आणि तिथेच राहिलं.

"डॅड, मी ते भिंतीवर लावलं नाही," ती म्हणाली. "सर म्हणत होते, तरी नाही लावलं. शाई संपली म्हणून सांगितलं."

"ही जांभई आहे."

"हो."

"बारा."

"दहा. एकात तू झोपलायस, आणि शेवटच्यात डंकन शिंकतोय."

नॉर्मनने डोकं खुपसून पाहिलं आणि हसायला तोंड उघडलं. डेनीसने नुसतं त्याच्याकडे बघितलं, तसं त्याने ते मिटलं.

क्लाइव्हने चष्मा काढला. "आदल्या दिवशी 'मेरी क्रॉफ्ट' ही मासळीची बोट बंदरात लागली होती," तो म्हणाला. "संध्याकाळी आठपासून आम्ही मासळी उतरवत होतो. सकाळी सातला सुटी झाली आणि आठला फोटो. घरी जाऊन आंघोळ केली असती तर उशीर झाला असता, म्हणून थेट आलो. डंकन म्हणाला, तुझ्या अंगाला वास येतोय, लांब बस. उंचीबिंचीचं काही नव्हतं. ते मी नंतर जोडलं."

मग तो पुन्हा त्या पट्टीवर वाकला, आणि या वेळी त्याच्या आवाजात नेहमीची ऐट होती.

"पण बघ ना, पोरी. चौघं आहेत. डंकन अकराला उठायचा, त्याला त्या दिवशी त्याच्या आईने ढकलत आणला होता. हा गिटारवाला बेकार. ड्रमवाला तर जन्माचा बेकार. या चौघांत कामावरून आलेला कोण आहे, ते विचार की तुझ्या सरांना."

"खरंच विचारू?"

"विचार म्हणजे काय? लिही. आणि भिंतीवर लाव हे. शाई संपली म्हणे."

त्याने स्वतःच सरांकडून टाचण्या मागून आणल्या आणि ते बारा फोटोंचं पान फाइलमधून काढून मुखपृष्ठाशेजारी ठोकलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगू लागला, हा मी, हासुद्धा मीच, अकरा तास मासळी उतरवून आलोय, तरी वेळेवर. चहा संपेपर्यंत ते अकरा तास चौदा झाले होते, आणि डेनीसने कपाळावर हात मारून घेतला.

फाइल सोमवारी द्यायची होती. शेवटच्या पानावर परीक्षा मंडळाने नेमून दिलेला एक प्रश्न असतो: तुमच्या मासिकात कोणत्या समाजगटाचं चित्रण आहे? ब्रायनीने लिहिलं होतं, 'सोळा ते चोवीस वयाचे, रॉक संगीत आवडणारे बंडखोर तरुण.' त्याखाली सरांनी पेन्सिलीने 'हे सगळेच लिहितात' असा शेरा मारला होता.

तिने ते खोडलं आणि नवं उत्तर लिहिलं. एकच ओळ झाली, पण तिला त्यात काही वाढवावंसं वाटलं नाही.

'जे कामावरून थेट आले, त्यांचं.'