आईला पाठ झालेले शब्द

धाकटी मेंदूची तपासणी शिकत होती. सुई नाही, कातर नाही. शब्द वाचून दाखवायचे, थोड्या वेळाने विचारायचे, आकृत्या काढून घ्यायच्या आणि माणसाचं डोकं कुठे अडतंय ते हुडकायचं. सरावाला डोकी लागतात. घरात एकच हक्काचं होतं, ते आईचं. वर्षभर ओट्यापाशी, भांडी विसळता विसळता, तेच शब्द चालले: कंदील, मांजर, पूल, साबण...

आणि आता आई विसरायला लागली होती. चष्मा फ्रीजमध्ये. दूध गॅसवर आणि स्वारी शेजारी गप्पा मारायला. परवा तर बाजारातून येताना घराची गल्लीच चुकली. "सगळ्या गल्ल्या सारख्याच रंगवल्यात मेल्यांनी," म्हणाली. एरवी धाकटीला हसू आलं असतं. पण अर्धवट शिकलेल्या माणसाला धड हसताही येत नाही नि धड रडताही.

शेवटी ती आईला रुग्णालयातल्या आपल्याच विभागात घेऊन आली. घरच्यांना आपण तपासायचं नाही, असा नियम. म्हणून तिला शिकवणाऱ्या मॅडम समोर बसल्या, धाकटी कोपऱ्यात.

"मावशी, मी काही शब्द वाचते, नीट ऐका हं. कंदील..."

"मांजर, पूल, साबण, खिडकी," आईने पाढ्यासारखं सगळं शेवटपर्यंत म्हणून टाकलं. वर म्हणाली, "उलटं म्हणू?"

मॅडमनी कोपऱ्याकडे पाहिलं. "याच शब्दांवर सराव केलास?"

धाकटीची मान खाली गेली. मॅडमनी दुसरे शब्द काढले. आई चाचरली. थोडे आठवले, थोडे गळाले आणि मध्येच कुठून तरी साबण आला, मांजर आलं.

आईला बाहेर बसवून धाकटी परत आत आली. "मॅडम, विसरतेय का हो ती?"

"जुने शब्द इतके घोटून घेतलेस की ते नव्यांत घुसतायत. यातलं आजाराचं किती आणि तुझं किती, मला आज नाही सांगता येणार. सहा महिन्यांनी आण. आणि घरी एक अक्षर विचारू नकोस!"

बाहेर आई पर्स आवळून बसली होती. "दुसरे जरा अवघड निघाले गं. तुझे मार्क कापले का?"

"माझे?"

"मग? मी अडखळले तर तुला नापास करतील, म्हणून तू झोपल्यावर पाठ करत बसायची मी."

म्हणजे आईला परीक्षा कुणाची ते कळलंच नव्हतं. ते विसरणं म्हणायचं, की नुसती माया? पुस्तकात दोन्हीची लक्षणं वेगवेगळी दिलेली नव्हती.

फाटकाबाहेर आल्यावर आई डावीकडे वळली.

"आई, बसस्टॉप उजवीकडे आहे."

"माहितीये मला," आई म्हणाली, आणि डावीकडेच चालत राहिली.

धाकटीला मॅडमचं 'एक अक्षर विचारू नकोस' आठवलं. मग काही न विचारता तिच्या मागून निघाली.