पाण्याला भिणारी होडी

मी एक जुनी होडी आहे, आणि मला पाण्याची भीती वाटते. हसा, मित्रांनो, खुशाल हसा. माझ्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या होड्याही हसतात. पण त्यांचं काय जातं? त्या खडकावर आपटल्या तर नुसता आवाज होतो. माझं अंग देवदाराच्या पातळ पट्ट्यांचं आहे. आतून वाकवलेल्या बरगड्या, बाहेरून ताणून बसवलेला कॅनव्हास आणि त्यावर हिरवा रंग. टोकदार दगड दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण माझं पोट खरोखरच फाटू शकतं.

मी जन्मापासून अशी नव्हते. एका म्हाताऱ्या कारागिराने लाकूड वाफेवर मऊ करून मला हलक्या हाताने घडवलं. मग ऑन्टॅरिओच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या या निवासी शाळेत मी आले. तेव्हा मुलं "हिरवी माझी!" म्हणत धक्क्यावर धावत सुटायची. पुढे एका वसंतात दोन मोठ्या मुलांनी पैज लावली आणि मला ओढ्याच्या खळखळाटात घातलं. एका खडकाने माझं पोट चिरलं. ठिगळ लावून मला परत आणलं खरं, पण ठिगळाने पोट बुजतं, भीती बुजत नाही. मुलं मला टाळू लागली. मी शेडमध्ये सगळ्यात खालच्या फळीवर, उंदरांच्या शेजारी जाऊन पडले.

आणि पाण्याहून मोठी भीती आगीची. जूनमध्ये वर्ष संपून शाळा सुटायच्या आदल्या संध्याकाळी तळ्याकाठी शेकोटी होते. जी लाकडी होडी कामातून गेली, तिला त्या शेकोटीवर मानाने चढवतात. मुलं गाणी म्हणतात, टाळ्या वाजवतात. मान म्हणे! माझ्या निळ्या बहिणीला असाच मान मिळाला. गेल्या सप्टेंबरात होड्यांचे शिक्षक लावाले सर माझ्या पोटावर टकटक करून म्हणाले, "यंदा कोणी नेली तर ठीक. नाहीतर जूनमध्ये हिचा नंबर."

त्याच आठवड्यात नोमिन आली. मंगोलियातल्या उलानबातर शहरातली मुलगी. या शाळेत जगभरातून मुलं येतात, आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाने जूनमध्ये एकट्याने होडी वल्हवत समोरच्या बेटाला वळसा घालून यायचं, अशी इथली रीत आहे. ज्याला जमलं, तो होडीत बसायच्या फळीखाली आपलं नाव रंगवतो. नोमिनने कधी गुडघाभर पाण्यातही पाय टाकला नव्हता. होड्या वाटल्या तेव्हा ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली. मग तिच्या वाट्याला उरलेली होडी आली, म्हणजे मी.

"ही ठिगळवाली?" तिच्या खोलीत राहणारी एफुआ ओरडली. एफुआ घानाची, आणि तिच्या जिभेला हाड नाही. "अगं नोमिन, हिच्यात बसण्यापेक्षा चहाच्या गाळणीत बस!"

ऑक्टोबरात, मेपलची पानं लाल झाली होती, तेव्हा सरांनी मुलांना पहिल्यांदा एकेकटं वल्हवायला सांगितलं. नोमिन थेट मागच्या फळीवर जाऊन बसली. नवखे हमखास हेच करतात. माणूस एकटा मागे बसला की होडीचं नाक वर उचललं जातं आणि वारा त्या नाकाला धरून हवं तिकडे फिरवतो. एकट्याने पुढच्या फळीला टेकून, शेपटाकडे तोंड करून, गुडघ्यांवर बसायचं असतं. तसं केलं की भार मध्याजवळ येतो आणि होडी उलट्या तोंडाने पण सरळ चालते. सरांनी हे सगळं सांगितलं होतं, पण नोमिनच्या कानात भीती एवढी भरली होती की दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

वारा आला आणि मी गरकन फिरले. नोमिनने किंचाळून दोन्ही हातांनी माझे काठ धरले. मित्रांनो, घाबरलेला माणूस काठ धरतो, आणि काठ धरला की वल्हं सुटतं. वल्हं गेलं, मी कलंडले, आणि आम्ही दोघी पाण्यात! लाइफ जॅकेटमुळे ती तरंगली. सरांनी मोटरबोट आणून तिला वर ओढलं, तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. मी पालथी तरंगत होते आणि माझ्या मनात एकच होतं, जूनची शेकोटी.

मला धक्क्यावर वाळत घातलं होतं. तिथेच ब्लँकेट गुंडाळून नोमिनने आईला फोन लावला. "आई, मला घरी यायचंय. नाताळात आले की परत नाही जाणार." मग बराच वेळ ती नुसतं "हं, हं" करत राहिली. शेवटी नाक पुसून म्हणाली, "बरं. जूनपर्यंत."

मग तळं गोठलं. शाळेत प्रत्येकाला काही ना काही काम असतं. कोणी भांडी घासतं, कोणी लाकडं फोडतं. नोमिनने होड्यांची शेड मागून घेतली. हिवाळ्यात तिथे कोणी फिरकत नाही, रडायला बरी जागा. पण नुसतं रडून किती रडणार? सरांनी तिला नवा कॅनव्हास दिला, आणि तिने माझं जुनं ठिगळ काढून नवं चिकटवलं. तिच्या हाताला घाई नव्हती. माझ्या पोटावरून असा हात फिरून वर्षं झाली होती. मग ती मला जमिनीवर ठेवून आत गुडघ्यांवर बसायला लागली आणि हवेतच वल्हं मारायला लागली.

एकदा एफुआ अंगावर आपले सगळे स्वेटर चढवून आली. "राणीसरकार निघाल्या जलविहाराला! बेट आलं का गं?"

"हस तू. आणि कुडकुडतेस काय एवढी? याला थंडी म्हणतात? आमच्याकडे अशा हवेत शेळ्या चरायला सोडतात."

"मग शेळ्यांना घाबरत नाहीस, पाण्यालाच कशाला घाबरतेस?"

नोमिन म्हणाली, "माझ्या आजोबांकडे एक भित्री घोडी होती. सगळे म्हणायचे, विकून टाका. आजोबा म्हणायचे, भित्री घोडी वाट नीट बघते."

मित्रांनो, हे माझ्याबद्दल नव्हतं, ठाऊक आहे मला. तरी मी ते जपून ठेवलं.

जून उजाडला. बाकीच्या मुलांच्या फेऱ्या झाल्या. नोमिन रोज पोट दुखतंय म्हणायची. शेवटच्या दिवशी काठावर शेकोटीची लाकडं रचली गेली, आणि सर माझ्याकडे बघून निघून गेले. माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात नोमिन आली. तिने मला पाण्यात लोटलं आणि शेपटाकडे तोंड करून गुडघे टेकले.

एफुआ जेवणघरातून दुधाचा पेला घेऊन धावत आली. "थांब! तुमच्याकडे निघणाऱ्याच्या मागे आई दूध शिंपडते ना? तुझी आई इथे नाही. मी शिंपडते. चालेल?"

नोमिनच्या डोळ्यांत पाणी आलं. "चालेल," ती म्हणाली.

बेटापर्यंत सगळं ठीक होतं. बेटाच्या पलीकडे वारा आमची वाटच बघत होता. लाटा माझ्या काठाला लागू लागल्या. तिचे गुडघे माझ्या बरगड्यांवर लटपटत होते आणि माझ्या बरगड्या तिच्या गुडघ्यांखाली. कोण कोणाला घाबरवत होतं, आम्हालाच कळेना. खाली खडक दिसत होते. एक मोठी लाट आली, मी कलले, आणि तिचा उजवा हात वल्ह्यावरून सुटून माझ्या काठाकडे निघाला. धरू नकोस, मी मनात ओरडले. बाई गं, धरू नकोस!

तिचा हात काठाला लागता लागता थांबला. मग वल्ह्यावर परत गेला. "चू," ती हळूच म्हणाली. घोड्याला हाकतात तसं. "चू! चू!" आणि तिने वल्हं खोल मारलं. दर वल्ह्याला ती चू म्हणत होती आणि रडत होती. वारा होता तेवढाच होता. भीतीही तेवढीच होती. पण आम्ही चाललो होतो.

धक्क्यावर एफुआने तिला उचललंच. सगळे नाचत होते. मी मात्र रचलेली लाकडं बघत होते. सर म्हणाले, "शाब्बास! नेलीस खरी. पण पुढच्या वर्षी ही कोण घेणार?"

ओल्या कपड्यांतली नोमिन माझ्यापुढे उभी राहिली. "सर, जो सगळ्यात जास्त घाबरेल, त्याला द्या. हिला घाबरलेल्यांची सवय आहे."

सरांनी मला परत शेडमध्ये ठेवायला सांगितलं. त्या संध्याकाळी शेकोटीत नुसतीच लाकडं जळली.

दुसऱ्या दिवशी माझ्या फळीखाली आपलं नाव रंगवून ती घरी जायला गाडीत बसली. मला हात असते तर मी तिच्या मागे दूध शिंपडलं असतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूचं ठिगळ बघून तिला टाकू नका, एकदा पोटावरून हात फिरवून बघा. आणि घाबरलेल्या सोबत्याला "त्यात काय घाबरायचं?" असं विचारू नका. शेजारी बसा.

आज पुन्हा सप्टेंबर आहे. धक्क्यावर नवी मुलं आली आहेत. त्यातलं एक सगळ्यांच्या मागे, खांबाला घट्ट धरून उभं आहे, आणि सर त्याला माझ्याकडे आणत आहेत. माझ्या पोटात गोळा आला आहे. ये, बाळा. मीही घाबरले आहे.