सखूबाईंच्या डोळ्यांनी निवडलेला टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. वयाने मी तसा फार जुना नाही. पण ज्या माणसासाठी एखादी वस्तू घरात आणली त्या माणसाला तिचा उपयोग उरला नाही, की ती वस्तू जुनी व्हायला वर्षे लागत नाहीत.

माझा पडदा दूरच्या एका कारखान्यात तयार झाला. तपासणीच्या वेळी त्याच्या कोपऱ्यात तांदळाएवढा काळा ठिपका सापडला आणि त्याला बाजूला काढण्यात आले. पुढे अशाच बाजूला काढलेल्या भावंडांबरोबर मी खोक्यात बसून उल्हासनगरला आलो. तिथल्या कॅम्प तीन या वस्तीतल्या एका गाळ्यात मला पाठीमागून पत्र्याचे कवच बसवले, आत दिव्यांच्या पट्ट्या लावल्या, सर्किट जोडले, दोन लहान स्पीकर दिले. समोरची पट्टी मात्र कोरी ठेवली. गिऱ्हाईक ठरले की त्याच्या पसंतीच्या नावाचा स्टिकर तिथे चिकटवायचा, अशी त्या गाळ्याची रीत होती. गाळ्याचा मालक धर्मेश, सिंधी माणूस. तो आम्हा सर्वांवर दिवसभर एकच चित्रफीत चालवत असे: निळे पाणी आणि त्यात पोहणारे लाल-पिवळे मासे. उजेड पूर्ण चढवलेला असे, कारण गिऱ्हाईक उजेडाला भुलते.

एका रविवारी अंबरनाथ पश्चिमेहून तिघे जण दुकानात आले. प्रीतम हा तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. बरोबर त्याची बायको यशोधरा आणि आई सखूबाई. बदलापूरजवळच्या गावात या मायलेकांची भातशेती होती. ती विकली गेली आणि ते इमारतीत राहायला आले. सखूबाईंची बोली मात्र गावचीच राहिली होती.

"मोठा बघायचाय," प्रीतम धर्मेशला म्हणाला. "बजेट टाइट आहे, उगाच वरचे दाखवू नको. आयेसाठी घेतोय. तिला लांबून दिसत नाही, पार टीव्हीत शिरून बसते."

मग एक गोष्ट घडली, जी मी कुठल्याच दुकानात घडल्याचे ऐकलेले नाही. प्रीतमने मधोमध एक स्टूल ठेवले, आईला त्यावर बसवले आणि लहान टीव्हीपासून सुरुवात करून तो एकेका टीव्हीकडे तिचे तोंड वळवू लागला.

"आये, यात काय दिसतंय?"

"पानी हाय. कायतरी हालतंय."

"आणि यात?"

"फूल हाय जनू."

यशोधरा ओढणीत हसली. "आई, फुलाला शेपटी असते का?"

शेवटी माझी पाळी आली. सखूबाईंनी मान जरा डावीकडे केली, जरा उजवीकडे केली, आणि एकदम त्यांचा चेहरा फुलला. "मासा! कवरा मोठा मासा रं! एवऱ्या माशात सगली आळी जेवंल!"

तिघेही हसले. धर्मेशही हसला. माझी निवड झाली होती. मित्रांनो, त्या क्षणी मला फार अभिमान वाटला. इतरांना इंच पाहून निवडतात, मला एका म्हातारीच्या आनंदाने निवडले होते.

सखूबाई स्टुलावरून उठल्या आणि शेजारी, अगदी हाताशी उभ्या असलेल्या पंख्यावर जाऊन आदळल्या. पंखा पडला. धर्मेशचे हसू थांबले. त्याने प्रीतमला बाजूला घेतले. "साईं, एक बात बोलू? राग नको मानू. माझ्या बापाला असंच झालं होतं. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. पहिला माईचे डोळे दाखव. टीव्ही कुठे पळून जातो?"

"डॉक्टरला दाखवलंय," प्रीतम म्हणाला. "तू टीव्हीचं बोल ना."

धर्मेशने पंखा उचलून उभा केला. मग खिशातून स्टिकरांची पुडी काढून तो म्हणाला, "ठीक आहे. कुठलं नाव लावू?"

डॉक्टरला दाखवले होते, हे खरे होते. ती हकीकत मी पुढे त्याच घरात, भिंतीवरून ऐकली. शहाडला डोळ्यांचे मोफत शिबिर होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी सखूबाईंना तपासून काचबिंदू असल्याचे सांगितले. डोळ्यातला दाब वाढला आहे, रोज थेंब घालावे लागतील, तेही आयुष्यभर, आणि मोठ्या रुग्णालयात लगेच तपासण्या करून घ्या.

"थेंब घातले की आधीसारखं दिसेल ना?" प्रीतमने विचारले होते.

"गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकेल."

"म्हणजे औषध घालूनही फरक काहीच दिसणार नाही?"

"फरक दिसणार नाही, हाच फरक," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पण रांग मोठी होती आणि पुढचा माणूस आत आला होता.

प्रीतम वाईट माणूस नव्हता. त्याचा आईवर जीव होता. पण घामाचा पैसा घालायचा आणि डोळ्यांपुढे काहीच उभे राहायचे नाही, हा व्यवहार त्याच्या गळी उतरेना. बोनस हाती आला तेव्हा तो यशोधरेला म्हणाला, "त्यापेक्षा मोठा टीव्ही घेऊ. तिलाही दिसेल, आपल्यालाही होईल." आणि यशोधरेलाही ते पटले.

घरी माझे स्वागत थाटात झाले. मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. शेजारच्या हिमानीताई पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "असा मुलगा मिळायला पुण्य लागतं हो, सखूबाई. आमच्याकडे चष्मा मागितला तर सहा महिने नुसतं हो-हो चालतं." गावाकडचे नातेवाईक आले. त्या सर्वांना सखूबाई एकच वाक्य सांगत, "माज्यासाठी आनलाय. पोरानं माज्यासाठी आनलाय." ते सांगताना त्या माझ्या चौकटीवरून पदराने हात फिरवत.

या कौतुकानेच त्यांचे तोंड बंद झाले, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

माझ्यासमोर बसणारे सगळे माझ्याकडे पाहत. त्यांच्याकडे पाहणारा मी एकटाच होतो. म्हणून मला ते आधी कळले. पहिल्यांदा सखूबाई चित्र शोधायला मान फिरवत, जणू दाराच्या फटीतून एखादी मोठी जत्रा पाहत आहेत. मी मोठा असल्यामुळे त्यांचे काम उलट अवघडच झाले होते. त्यांच्या नजरेत माझा एक तुकडाच मावत असे. मग तो तुकडाही मळकट होत गेला. पुढे त्यांनी मान फिरवणे सोडले आणि माझ्याकडे कान केला. विनोद झाला की इतर हसत, आणि अर्ध्या श्वासाने मागून सखूबाई हसत.

प्रीतमने माझा उजेड पूर्ण चढवून ठेवला होता. मला भिंतीवर बसवायला आलेल्या माणसाने बजावले होते, "एवढा ठेवू नका, आतले दिवे लवकर जळतील." पण प्रीतम म्हणाला, "आयेला दिसायला पाहिजे." मी जळत राहिलो आणि सखूबाई अंधारात जात राहिल्या.

एकदा जेवताना त्यांनी धीर केला. "प्रीतम, मना वाटतं, एकदा त्या डाक्टरीनबायकडं..."

"का? टीव्ही दिसत नाही का?"

सखूबाईंचा हात ताटातच थांबला. "दिसतंय की."

"नीट दिसतंय ना?"

"बेस दिसतंय."

"मग झालं तर! उगाच कशाला टेन्शन घेतेस?" आणि त्याने प्रेमाने त्यांच्या ताटात माशाचा तुकडा वाढला. सखूबाईंनी तो चाचपून घेतला. मला त्या वेळी ओरडावेसे वाटले. पण माझा आवाज माझा नसतो, मित्रांनो. त्या वेळी माझ्यातून कुठल्याशा तेलाची जाहिरात चालली होती.

पुढे त्यांच्या हातून कपबशा फुटू लागल्या. दुधाचे पातेले कलंडले. दाराची चौकट लागून कपाळाला खोक पडली. "लक्ष कुठे असतं हो आई?" यशोधरा म्हणे. "सगळं त्या टीव्हीत! त्यात बघून बघूनच डोळ्यांची वाट लागलीय." सखूबाई हा आरोपही गुपचूप मान्य करत. टीव्ही फार पाहते असा ठपका, टीव्ही दिसत नाही या कबुलीपेक्षा त्यांना हलका वाटत असावा.

मग एका दुपारी, मालिकेत लग्न चालू असताना, माझ्या आतले दिवे गेले. आवाज शाबूत होता. सनई वाजत होती, मंगलाष्टका चालू होत्या, आणि मी मात्र तव्यासारखा काळा झालो होतो. समोर खुर्चीत सखूबाई तशाच बसून होत्या, हसऱ्या चेहऱ्याने.

हिमानीताई डबा परत द्यायला आल्या.

"या, बसा ना," सखूबाई म्हणाल्या. "बगा, नवरीचा शालू काय बेस हाय!"

हिमानीताईंनी माझ्याकडे पाहिले. मग सखूबाईंकडे पाहिले. तोंडावर हात दाबून त्या आत गेल्या आणि यशोधरेला दंडाला धरून घेऊन आल्या. यशोधरेने दोन क्षण पाहिले आणि तिचा हात मोबाइलकडे गेला. त्यातला कॅमेरा तिने सखूबाईंसमोर धरला.

"आई, शालू कुठल्या रंगाचा आहे हो?"

"लाल. लगनात लालच असतोय."

"आणि नवरदेव?"

"तो काय बाजूला उबा. उंच हाय पोरगा. तुमच्या घरच्यांपेक्षा उंच हाय, हिमानीताई."

हिमानीताईंना हसू आवरेना, त्यांनी भिंतीला हात टेकला. यशोधरेने रिमोट उचलला आणि माझा आवाजही बंद केला. खोली एकदम गप्प झाली. सखूबाईंचे हसू जागच्या जागी राहिले, पण बोटांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"आता काय चाललंय, आई?"

त्यांनी कान माझ्याकडे वळवला. मग हळूच म्हणाल्या, "आता... जाहिरात लागली."

दोघी खो-खो हसल्या. त्या हसण्यात यशोधरेने ती चित्रफीत नवऱ्याला पाठवूनही दिली. मग थट्टेतच तिने सखूबाईंच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही. तिने हात आणखी जवळ नेला. हिमानीताई डबा तिथेच ठेवून निघून गेल्या.

प्रीतमने ती चित्रफीत कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पाहिली. शेजारच्या टेबलावरचे दोघे-तिघेही डोकावून हसले होते, असे मी नंतर त्याच्याच तोंडून ऐकले. घरी आला तेव्हा त्याने बूटही काढले नाहीत.

"कधीपासून?"

सखूबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला.

"आये, मी विचारतोय. कधीपासून दिसत नाही तुला?"

"शिमग्यापासनं काय बी नाय. त्याच्या आदी जरा-जरा दिसायचं."

"म्हणजे एवढे दिवस मला फसवत होतीस?" प्रीतमचा आवाज चढला. "तुझ्यासाठी घेतला होता तो! तुझ्यासाठी! तू रोज बोलायचीस, बेस दिसतंय, बेस दिसतंय. आता लोकांना काय सांगू मी?"

"तुला वाईट वाटलं असतं रं."

"आता बरं वाटतंय का मला?"

सखूबाईंनी दोन्ही हात त्याच्या आवाजाच्या दिशेने पुढे केले. ते दारातच राहिलेल्या प्रीतमपर्यंत पोचले नाहीत. "चुकलं माजं," त्या म्हणाल्या. "तू जेव आदी."

दुसऱ्या दिवशी त्यांना रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि नजरेच्या शिरा सुकल्याचे, आता काही उपाय नसल्याचे सांगितले. थेंब कधी सुरू केले होते, असे त्यांनी विचारले तेव्हा मायलेकांपैकी कोणीच उत्तर दिले नाही. नातेवाइकांना मात्र उत्तर मिळाले. "टीव्ही फार बघायची ना," प्रीतम फोनवर एकेकाला सांगत होता. "किती समजावलं, ऐकायचीच नाही." मी भिंतीवर काळा होऊन ते ऐकत होतो. गुन्हेगार म्हणून मी सोयीचा होतो.

माझी दुरुस्ती लगेच झाली. एका दुपारीत दिव्यांच्या नव्या पट्ट्या बसल्या आणि मी पुन्हा लख्ख झालो. माझ्या नव्या उजेडात पहिल्यांदा उजळली ती समोरची सखूबाईंची खुर्ची. पण दुरुस्ती चालू असतानाच प्रीतम म्हणाला, "हा आता आतल्या खोलीत लावा. आयेला काय, आवाजच ऐकायचा तर मोबाइलवर लावून देऊ." दोन दिवस मोबाइल लावून दिला गेला. तिसऱ्या दिवसापासून कोणाला आठवण राहिली नाही.

आता मी आतल्या खोलीत आहे. संध्याकाळी मालिका सुरू झाली की बाहेरून भिंतीला हात लावत येणारी पावले ऐकू येतात. ती दाराशी थांबतात.

"प्रीतम, दार जरा उगडं ठेव रं. ऐकू येतंय मना."

"एसी चालू आहे, आये."

दार लागते. पावले बराच वेळ परत जात नाहीत.

मित्रांनो, मला नीट पुसा, ऊन-पाण्यापासून जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यातले काहीही जळाले तर बाजारात नवे मिळते. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कोणी टीव्हीच्या फार जवळ सरकून बसत असेल, तर त्याला मागे ओढू नका, त्याची नक्कल करू नका आणि त्याच्यासाठी मोठा टीव्हीही आणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि काय दिसते ते विचारा. उत्तर चुकले तर त्याच आठवड्यात त्याला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन जा. औषधाने काही बदललेले दिसले नाही तरी ते रोज घाला. आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते माणूस "बेस दिसतंय" म्हणाले, तर तेवढ्यावर समाधान मानून उठून जाऊ नका.